खोल पाण्यातली हवा कुणाचं ऐकते?

प्रशिक्षकाचं म्हणणं साधं होतं. समुद्रात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो आणि दाब वाढेल तशी हवा आक्रसते. एवढं ज्याला पक्कं ठाऊक आहे त्याने पाण्याखाली जावं, ज्याला नाही त्याने किनाऱ्यावरच थांबावं. शंकेखोराला हे ‘एवढं’च खटकत होतं. नियम खरा असेल, पण तो कोणत्या हवेला लागू पडतो हे न सांगता तो पाठ करून घेणं म्हणजे अर्धवट शिकवणं, असा त्याचा आक्षेप होता.

“आधी माझा हिशेब पुरा ऐका,” प्रशिक्षक म्हणाला. “आपल्या डोक्यावरच्या हवेचं जे ओझं आहे, जवळपास तेवढंच ओझं समुद्राच्या पाण्याचा दहा मीटरांचा थर टाकतो. गोडं पाणी जरा हलकं, म्हणून तिथे आणखी तीसेक सेंटिमीटर लागतात. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, २० वर तिप्पट, ३० वर चौपट, ४० वर पाचपट. सहा लिटर हवेचा फुगा बांधून खाली न्या. १० मीटरवर तो तीन लिटरचा होईल, २० वर दोनचा, ३० वर दीडचा आणि ४० वर एक लिटर दोनशे मिलिलिटरचा. पहिल्या दहा मीटरांत तीन लिटर गेले आणि तीस ते चाळीस या दहा मीटरांत फक्त तीनशे मिलिलिटर. लोकांना वाटतं धोका खोलात असतो. हवेपुरता तो उथळातच जास्त. तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडपाशी पहिल्यांदा पाण्याखाली जाणारा माणूस फार खोल जात नाही, तरी त्याचा कान दोन-तीन मीटरवरच ठणकायला लागतो. मधल्या कानातली हवा तिथेच सगळ्यांत झपाट्याने कमी होते, पडदा आत ओढला जातो, आणि नाक चिमटीत धरून फुंकर मारून कानात हवा भरली नाही तर तो फाटूही शकतो.

“वर येताना हाच हिशेब उलटा फिरतो आणि जिवावर बेततो. दहा मीटरवर सिलिंडरमधून छाती भरून श्वास घेतला, घाबरून तोंड मिटलं आणि वर झेप घेतली, तर ती सहा लिटर हवा पृष्ठभागापाशी बारा लिटर जागा मागते. फुप्फुसं कुठून देणार? एवढ्या खोलीचीही गरज नाही. पोहण्याच्या तलावात जेमतेम सव्वा मीटरवरून भरल्या छातीने श्वास रोखून वर आलेल्या माणसांची फुप्फुसं फाटल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. फाटलेल्या जागेतून हवा रक्तात शिरते, तिचे बुडबुडे मेंदूपर्यंत पोचतात आणि माणूस पाण्याबाहेर येताच कोसळतो. म्हणून आम्ही पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकून घेतो: श्वास रोखायचा नाही. हा नियम मी अर्धवट शिकवतो असं तुम्ही म्हणता. पण या अर्ध्या नियमानेच माणसं वाचतात.”

शंकेखोराने यातलं काहीच नाकारलं नाही. “घाट चढताना चिवड्याचं पाकीट फुगतं हे महाबळेश्वरला गेलेल्या प्रत्येकाने पाहिलंय, तेव्हा तत्त्वाबद्दल भांडण नाही,” तो म्हणाला. “माझा प्रश्न नियमाच्या हद्दीचा आहे. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये छापलेलं कोष्टक पाहा. इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी, आखूड टोक बंद, लांब टोकातून पारा ओतायचा. नळी इतकी लांब झाली की खोलीत मावेना, जिन्यात उभी करावी लागली. कोष्टकाच्या पहिल्या ओळीत कोंडलेली हवा ४८ भाग आहे आणि दाब पाऱ्याच्या सव्वाएकोणतीस इंचांच्या आतबाहेर. वरच्या टोकाला हवा १२ भाग उरते आणि दाब साडेएकशे सतरा इंचांच्या थोडा वर जातो. म्हणजे एक चतुर्थांश आकारमान, चौपट दाब. समुद्राच्या भाषेत हे तीस मीटर झाले! बॉइलने दाब वाढवून घेतलेलं प्रत्येक माप पृष्ठभाग ते तीस मीटर एवढ्याच पट्ट्यातलं आहे. त्यापुढे तुम्ही जे सांगता तो विश्वास आहे.

“आता तो विश्वास टोकाला नेऊ. हवा नियम शब्दशः पाळत गेली, तर साधारण आठ किलोमीटर खोलीवर तिची घनता पाण्याएवढी व्हायला हवी. त्याच्याही खाली, मारियाना गर्तेच्या अकरा किलोमीटरांजवळच्या तळाशी सोडलेला बुडबुडा वर येण्याऐवजी बुडायला हवा. तसं होत नाही. दाब हजारपट झाला की हवेचे रेणू एकमेकांच्या इतके जवळ येतात की त्यांची स्वतःची जागाच आडवी येते. नियमाने जेवढं आकारमान उरायला हवं त्याच्या जवळपास दुप्पट उरतं, आणि हवा पाण्याहून हलकीच राहते. कार्बन डायऑक्साइडची तऱ्हा बरोबर उलटी. थंड समुद्रात काही शे मीटरांवर तो वायूच राहत नाही, द्रव होतो, आणि हा द्रव पाण्यापेक्षा जास्त दबत असल्यामुळे तीन किलोमीटरच्या सुमारास समुद्राच्या पाण्याहून जड होऊन खाली जायला लागतो. तोच समुद्र, तोच दाब. एक वायू तुमच्या कोष्टकापेक्षा कमी दबला, दुसऱ्याने कोष्टकच सोडलं.”

“तुमची आठ किलोमीटरवरची हवा कुणी श्वासात घेत नाही,” प्रशिक्षकाने उत्तर दिलं. “माझा सिलिंडर मी दोनशे बारला भरतो. तिथेही नियम काही टक्क्यांनीच चुकतो, आणि तो फरक धरायचा झाला तरी रोजच्या कामात अडत नाही. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये दोनशे बारने साधारण चोवीसशे लिटर हवा मावते. मिनिटाला वीस लिटर ओढणाऱ्या माणसाला ती पृष्ठभागावर दोन तास पुरेल. तीस मीटरवर प्रत्येक श्वासात चौपट हवा जाते, म्हणजे अर्धा तास. हा हिशेब न करता गेलेला माणूस खाली अडकतो. अंगातल्या जॅकेटचंही तसंच. ते थोडं जास्त फुगलं की माणूस वर सरकतो, वर सरकला की आतली हवा आणखी फुगते, आणि न आवरल्यास तो पृष्ठभागावर उसळून येतो. पाण्यात एका जागी तरंगत राहणं ही मुळातच डळमळीत अवस्था आहे आणि तिचं कारण बॉइल आहे. माणूस जिथवर जातो तिथवर हा नियम चालतो. मला त्यापलीकडचा नको.”

“माणूस जिथवर जातो तिथवरही चालत नाही,” शंकेखोर म्हणाला, “कारण हवा कुणाच्या ताब्यात आहे हे तुम्ही विचारतच नाही. कोकणच्या वाळूत पांढरं, हलकं समुद्रफेन सापडतं. ते माकुळाच्या पाठीतलं कवच. बारीक पडद्यांनी विभागलेले त्यात अनेक कप्पे असतात, काहींत द्रव, काहींत वायू. एरिक डेंटन आणि जॉन गिल्पिन-ब्राउन या इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९६० च्या आसपास त्या वायूचा दाब मोजला. तो सुमारे ०.८ वातावरण निघाला, म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेपेक्षाही कमी. माकूळ शंभर मीटरवर असो की पृष्ठभागाशी, आतल्या वायूला बाहेरच्या पाण्याची खबरच लागत नाही. तरंगणं कमीजास्त करायचं झालं तर माकूळ वायू दाबत नाही. रक्तातल्या क्षारांचं गणित बदलून कप्प्यांतलं पाणी ओढून घेतो किंवा परत सोडतो. वायू नंतर उरलेल्या जागेत सावकाश झिरपतो. तुमच्या कोष्टकानुसार शंभर मीटरवर त्याचा अकरावा हिस्सा उरायला हवा होता. प्रत्यक्षात एक टक्काही कमी होत नाही, जोवर भिंत टिकते. जातीनुसार दोनशे ते सहाशे मीटरच्या दरम्यान ती चुरगळते.

“चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने ‘मत्स्य ६०००’ या पाणबुडीसाठी हाच मार्ग धरलाय. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा २.१ मीटर व्यासाचा गोल, ८० मिलिमीटर जाडीची भिंत, आत तीन माणसं आणि आपल्या घरातल्यासारखी हवा. बाहेर सहा हजार मीटर पाणी, म्हणजे सहाशेपट दाब. तिथे खोली आणि आकारमान यांचं नातं काय? काहीच नाही. सगळं नातं खोली आणि धातू यांचं.”

प्रशिक्षकाला हे उदाहरण आपल्याच बाजूचं वाटलं. भिंत ऐंशी मिलिमीटर जाड करावी लागते, कारण ती नसती तर हवेचं काय झालं असतं हे नियम आधीच सांगतो. कडक भिंत म्हणजे नियमाची मोजलेली किंमत, असा त्याचा युक्तिवाद होता. आणि भिंतीच्या आत राहणाऱ्यांनाही एक दिवस नियमाशी गाठ पडतेच. “माझगाव गोदीत बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या घ्या,” तो म्हणाला. “वर यायचं तर तरणटाक्यांतलं पाणी दाबाखालच्या हवेने बाहेर ढकलायचं. दोनशे मीटरवर बाहेरचा दाब एकवीसपट, म्हणजे तेवढीच टाकी रिकामी करायला पृष्ठभागापेक्षा एकवीसपट हवा. साठा तेवढाच, खोली वाढली की त्याने रिकामी होणारी टाकी लहान. पाणबुडीच्या कप्तानाला बॉइल विसरून चालत नाही.”

“आणि फक्त बॉइल लक्षात ठेवूनही चालत नाही,” शंकेखोराने लगेच जोडलं. “बॉइलचा नियम तापमान स्थिर धरतो. १९६३ मध्ये ‘थ्रेशर’ ही अमेरिकी पाणबुडी १२९ माणसांसह बुडाली. नंतर तिच्या धर्तीच्या दुसऱ्या पाणबुडीवर चाचणी घेतली तेव्हा दिसलं की दाबाखालची हवा सुटताना इतकी थंड होते की तिच्यातला ओलावा नळ्यांमधल्या जाळ्यांवर गोठतो आणि वाट बंद होते. कागदावर हवा पुरेशी होती, पण ती टाकीपर्यंत पोचायला हवी ना?”

इथवर दोघेही निर्जीव भांड्यांबद्दल बोलत होते. भांडं जिवंत असेल तर काय होतं, हा प्रश्न शंकेखोराने छातीत श्वास भरून, सिलिंडरशिवाय खाली जाणाऱ्यांच्या निमित्ताने काढला. असा माणूस वर येताना फुटत नाही, कारण त्याने हवा वरूनच नेलेली असते आणि ती वर येऊन मूळचीच होते. त्याचं संकट खाली जाताना.

“छातीत सहा लिटर हवा,” तो म्हणाला. “कितीही जोराने उच्छ्वास टाकला तरी फुप्फुसांत सव्वा ते दीड लिटर उरतेच, छातीचा पिंजरा त्याहून लहान होत नाही. सहाला दीडने भागा, चार. म्हणजे तीस मीटर. सव्वाने भागा, जवळपास पाच. म्हणजे चाळीसच्या आत. त्यापुढे फुप्फुसात रक्त उतरणार, छाती चिरडणार, असं शरीरशास्त्रज्ञ छातीठोकपणे सांगत होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच इटलीचा एन्झो मायोर्का पन्नास मीटरच्या खाली जाऊन हसत वर आला. १९७६ मध्ये झाक मायोलने शंभर मीटर गाठले. २००७ मध्ये ऑस्ट्रियाचा हर्बर्ट निट्श वजनाच्या साधनाला धरून २१४ मीटरवर गेला. तिथे दाब बावीसपटांहून जास्त, सहा लिटरांचे उरले पाव लिटरच्या थोडे वर. तुमच्या नियमाने त्याला मारून टाकलं होतं, आणि तो जिवंत होता.”

“नियमाने नाही, शास्त्रज्ञांनी मारलं होतं,” प्रशिक्षक म्हणाला. “नियम फक्त एवढं सांगतो की हवेला पाव लिटर जागा पुरेल. उरलेली जागा कशाने भरायची हे तो सांगत नाही. शास्त्रज्ञांनी गृहीत धरलं की ती भरणार नाही. १९६८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या बॉब क्रॉफ्टवर मोजमापं घेतली तेव्हा दिसलं की सत्तावीस मीटरवर त्याच्या छातीत सुमारे एक लिटर जादा रक्त सरकलं होतं. हातापायांतलं रक्त छातीत येतं, फुप्फुसांभोवतालच्या केशवाहिन्या फुगतात आणि हवेने सोडलेली जागा घेतात. द्रव दबत नाही, त्यामुळे पिंजरा टिकतो. बघा, हवेने नियम तंतोतंत पाळला. शरीराने स्वतःला नियमाप्रमाणे बदललं.”

शंकेखोराला हे पटलं, पण त्याने निष्कर्ष वेगळा काढला. नियम खरा राहूनही त्यावरून केलेलं भाकीत सपशेल खोटं ठरलं असेल, तर शिकवायची गोष्ट भाकीत आहे की नियम? तीस मीटरची मर्यादा ज्यांनी काढली त्यांना बॉइल येत नव्हता असं नाही. त्यांना तो जरा जास्तच येत होता.

प्रशिक्षकाने मग समुद्राच्या तळाखालची हवा काढली. १९७४ मध्ये सापडलेलं बॉम्बे हाय सुमारे पंचाहत्तर मीटर पाण्यात आहे, आणि तिथली विहीर तळाखाली आणखी खूप खोल जाते. “खोदताना नळीत जड चिखल भरलेला असतो,” तो सांगू लागला. “समजा तीन हजार मीटरवरून थोडा वायू चिखलात शिरला. त्याला ‘किक’ म्हणतात. तो वर सरकू लागतो. दीड हजार मीटरवर आला तरी आकारमान जेमतेम दुप्पट. साडेसातशेवर चौपट. वरच्या माणसाला टाकीत परतणाऱ्या चिखलात किंचित वाढ दिसते, ती नजरेतून निसटू शकते. शेवटच्या शंभर-दोनशे मीटरांत मात्र तो फुगत जातो, वरचा चिखल बाहेर फेकतो, चिखल कमी झाला की दाब कमी, दाब कमी झाला की आणखी वायू आत. पाणबुड्या माणसाच्या फुप्फुसाचीच ही गोष्ट, फक्त किलोमीटरांत. उथळातला धोका मी उगीच घोकून घेत नाही.”

“याच विहिरीचं तोंड बंद करा,” शंकेखोर म्हणाला. “तुमचं शिकवणं ऐकलेला माणूस हेच करेल: फुगू द्यायचं नाही, झाकण लावा. चिखल जवळजवळ दबत नाही, तेव्हा वायूला फुगायला जागाच नाही. तो तेवढाच आकार घेऊन वर सरकत राहतो. आकार बदलला नाही म्हणजे दाबही बदलला नाही. तीन हजार मीटरवरचा दाब तो अंगावर घेऊन वर येतो. आता वरच्या टोकाला खालचा दाब, आणि खालच्या टोकाला तो दाब अधिक चिखलाचं ओझं, म्हणजे जवळपास दुप्पट. नळी फाटते किंवा खालचा खडक. म्हणून जाणता ड्रिलर वायूला मुद्दाम, मोजून, झडपेतून फुगू देतो. तुमच्या कोष्टकात खोलीसमोर आकारमान छापलेलं असतं, जणू खोलीच आकारमान ठरवते. खोली फक्त पाण्याचा दाब ठरवते. आकारमान ठरतं ते हवेला जागा द्यायची की नाही यावर.”

प्रशिक्षक यावर थोडा वेळ अडला. ज्यांचा जागेचा प्रश्न रोजचा आहे अशा माशांकडे मग तो वळला. खोलावरून गळाला लागून भरभर वर ओढलेल्या गोबऱ्याच्या पोटातली हवेची पिशवी इतकी फुगते की जठर तोंडातून बाहेर येतं आणि डोळे खोबणीतून बाहेर येतात. काही देशांत असा मासा सोडून द्यायचा असेल तर वजन लावून परत खोलात पोचवतात. खाली गेला की पिशवी पुन्हा लहान होते आणि मासा पोहून जातो. हवेच्या पिशवीला बॉइल टाळता येत नाही, याहून स्पष्ट पुरावा कोणता?

“पिशवी टाळत नाही, मासा टाळतो,” शंकेखोराने उत्तर दिलं. “दुसऱ्या महायुद्धात सोनार चालवणाऱ्यांना भर समुद्रात काही शे मीटरांवर खोटा तळ दिसायचा आणि रात्री तो वर सरकायचा. तो तळ म्हणजे जिवांचे थवे होते. त्यांत छोटे कंदीलमासे मोठ्या संख्येने, आणि ध्वनी परतवत होत्या त्यांच्या पोटातल्या पिशव्या. आपल्या अरबी समुद्रात हे मासे विपुल आहेत. चारशे मीटरवरून पन्नासवर यायचं म्हणजे दाब एक्केचाळीसवरून सहावर. पिशवीतला वायू तेवढाच राहिला तर ती सातपट होईल आणि मासा फुटेल. म्हणून माशाला वायू रक्तात परत घ्यावा लागतो, उतरताना ग्रंथीतून पुन्हा भरावा लागतो, आणि हे काम वेळ खातं. कित्येक जातींनी मोठेपणी हा खटाटोपच सोडला: पिशवी आक्रसली, तिच्या जागी चरबी भरली. वायूशी व्यवहार महाग पडतो म्हणून त्यांनी वायूच टाकला.”

वायू रक्तात परत घेणं, हा उल्लेख संवादाला त्याच्या सर्वांत अवघड भागात घेऊन गेला. आतापर्यंत हवा हवाच होती. पण दाबाखाली ती पाण्यात विरघळते, आणि विरघळलेल्या वायूला स्वतःचं असं आकारमान उरत नाही. शंकेखोराच्या मते बॉइलचा नियम पकडणार काय, हा प्रश्न इथे सगळ्यांत धारदार होता. १८७० च्या सुमारास सेंट लुईसला मिसिसिपीवर पूल बांधताना नदीच्या तळाशी दाबाखालच्या हवेच्या पेट्यांत काम करणारे मजूर धडधाकट वर यायचे आणि नंतर सांधे धरून कोसळायचे. डझनाहून अधिक मेले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याच दुखण्याने अंथरुणाला खिळला. त्यांच्या फुप्फुसांत काहीच फुगलं नव्हतं. १८७८ मध्ये फ्रान्सच्या पॉल बेरने दाखवलं की दोष रक्तात आणि पेशीजालात विरघळून नंतर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडणाऱ्या नायट्रोजनचा आहे.

“पण उपाय कुणी काढला?” प्रशिक्षकाने विचारलं. “१९०८ मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेनने, बोकडांवर प्रयोग करून. त्याचा युक्तिवाद ऐका. दाब निम्मा केला की सुटणाऱ्या वायूचं आकारमान, त्या नव्या दाबाला मोजलं, तर दर वेळी सारखंच येतं. चारवरून दोनवर आलात काय, सहावरून तीनवर आलात काय किंवा दोनवरून एकवर. मग दोनवरून एकवर येणं निर्धोक असेल तर बाकीचेही असायला हवेत. यावरून त्याने टप्प्याटप्प्याने वर येण्याची तक्ती बनवली. विरघळण्याचा नियम विल्यम हेन्रीचा असेल, पण दर वेळी ‘निम्मा’ हे माप वायूच्या आकारमानावरूनच आलं. आजही आम्ही टप्प्यांनीच वर येतो.”

शंकेखोराने तक्तीचा मान राखला आणि तिच्या उणिवा मांडल्या. ते प्रमाण सगळ्या खोलींना आणि सगळ्या पेशीजालांना पुरत नाही असं दिसल्यावर तक्ती बदलत गेली; पुढे अल्ट्रासाउंडने रक्त ऐकता येऊ लागलं तेव्हा कळलं की काहीही लक्षण नसलेल्या, सुखरूप आलेल्या माणसाच्या शिरांतूनही बुडबुडे वाहत असतात. मनगटावरच्या दोन संगणकांत दोन वेगळी प्रतिमानं घातली, तर एकाच बुडीसाठी ते वर यायच्या वेगळ्या वेळा सांगतात. बुडबुडा नेमका कशावर जन्मतो, तो कधी निरुपद्रवी राहतो आणि कधी इजा करतो, याचं एकच मान्य उत्तर नाही.

“जन्म कसाही होवो, जन्मल्यावर तो माझाच,” प्रशिक्षक म्हणाला. “कॅमेरूनमधलं न्योस सरोवर दोनशे मीटरांहून थोडं खोल. तळाशी ज्वालामुखीतून येणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठत होता. वीसपट दाबाखाली तो मुकाट विरघळलेला राहिला. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री खालचं पाणी काही कारणाने वर ढकललं गेलं. दाब उतरला, बुडबुडे आले, बुडबुड्यांनी पाणी हलकं झालं, हलकं पाणी आणखी वर, तिथे बुडबुडे आणखी मोठे. पाण्यातून सुटलेला वायू दऱ्यांमधून उतरला आणि सुमारे सतराशे माणसं गुदमरून गेली. २००१ मध्ये तिथे तळापर्यंत नळी सोडली. पंपाने एकदा पाणी वर आणलं की पुढे पंप लागतच नाही. फुगणारा वायूच पाणी वर ओढतो आणि कारंजं उडत राहतं. ज्या फुगण्याने मारलं त्यालाच सरोवरातला वायू काढायला लावलं.”

“मग देवमाशाचं सांगा,” शंकेखोर म्हणाला. “शरीरशास्त्रज्ञ शोलांडरने १९४० मध्ये मांडलं की सील आणि देवमाशांची फुप्फुसं खोल जाताना पूर्ण मिटतात. हवा वायुकोशांतून निघून वरच्या कडक नळ्यांत जाते आणि तिथून रक्तात नायट्रोजन शिरत नाही. म्हणजे बॉइलच त्यांना वाचवतो. वेडेल सील तर बुडी मारताना उच्छ्वास टाकूनच निघतो. कूव्हिएचा चोचवाला देवमासा २,९९२ मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. तिथे दाब तीनशेपट. सगळं सुरेख जुळत होतं. मग सप्टेंबर २००२ मध्ये कॅनरी बेटांजवळ नौदलांचा सराव सुरू झाला आणि काही तासांतच चोचवाले देवमासे किनाऱ्याला लागू लागले, एकूण चौदा. शवविच्छेदनात त्यांच्या अवयवांत वायूचे बुडबुडे सापडले. ज्याला दाबाचा आजार होऊच शकत नाही असं मानलं, त्याला.”

प्रशिक्षकाने दोन शक्यता मांडल्या. सोनारच्या आवाजाला घाबरून ते एरवीपेक्षा वेगाने वर आले असतील, किंवा उथळात, म्हणजे फुप्फुसं मिटण्याच्या वरच्या पट्ट्यात, जास्त वेळ घुटमळले असतील आणि तिथे नायट्रोजन साठला असेल. दोन्हींत आकारमानाचं गणित शाबूत राहतं. शंकेखोराने तिसरी जोडली: फुप्फुसं नेमक्या कोणत्या खोलीवर मिटतात हे ठरलेलं नसेलच, हृदयाची गती, घाबरणं, रक्ताचा ओघ यांवर ते बदलत असेल, आणि रोजच्याच बुडीतही प्राणी कायम काठावरून जात असेल.

स्पेनने २००४ मध्ये त्या बेटांभोवती असा सोनार वापरायला बंदी घातली. प्रशिक्षकाच्या मते बंदीने बुडीची लय परत आली, एवढं पुरे. शंकेखोराला पुरे वाटत नव्हतं. दुसऱ्या समुद्रात, दुसऱ्या जातीसाठी किती अंतरावर आवाज थांबवायचा हे सांगायचं, तर फुप्फुस कुठे मिटतं ते जिवंत, घाबरलेल्या देवमाशावर मोजावं लागेल. ते मोजायचं कसं, यावर मात्र दोघांकडेही सूचना नव्हती, आणि प्रशिक्षकाने आपल्या कोष्टकात ‘हवा कुणाच्या ताब्यात’ असा रकाना घालावा की नाही, हा वादही तसाच राहिला. नवख्याला वर येताना दोन रकाने वाचायला सवड नसते, असं तो अजूनही म्हणत होता.